ठावठिकाण्याची नीती

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, असा संकेत मराठी घरांतून दीर्घकाळ पाळला जात असे. विचारायचेच झाले तर ‘लांब निघालात का?’ असे आडवळणाने विचारावे. म्हणजे उत्तर द्यायचे की नुसते हसून पायरी उतरायची, हे जाणाऱ्याच्या मर्जीवर राही. या संकेताचे समर्थन शकुन-अपशकुनाच्या भाषेत केले जाई. ती भाषा बाजूला सारली तरी त्यात एक नैतिक जाण उरतेच. आपण कोठे जातो हे सांगण्याचा पहिला अधिकार जाणाऱ्याचा, ही ती जाण होय. मात्र याच घरांतून सुनेला आणि वयात आलेल्या लेकीला हा संकेत लागू नसे. तिने कोठे जाते, कोणाबरोबर जाते आणि केव्हा परतेल, हे न विचारताच सांगावे अशी अपेक्षा असे. एकाच उंबरठ्यावर दोन नियम होते. खाजगीपणाची चर्चा करताना ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. कोणाला विचारू नये आणि कोणी विचारल्यावाचून सांगावे, याची वाटणी प्रत्येक समाजाने आपापल्या उतरंडीनुसार केलेली असते.

मराठीत ‘पत्ता’ आणि ‘ठावठिकाणा’ हे दोन शब्द जवळजवळचे असले तरी एकच नव्हेत. पत्ता घराचा असतो. तो पाटीवर लिहिलेला असतो आणि पोस्टमनला ठाऊक असला तर त्यात कोणाला काही वाटत नाही. ठावठिकाणा माणसाचा असतो, आणि तो बहुधा शोध घेतला जात असलेल्या माणसाचाच असतो. चंदीगड हे पत्त्यांचे शहर आहे. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात सुमारे 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब असे सेक्टर पडले; सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा सांगितला की परका माणूसही विनासायास दारापर्यंत पोहोचतो. पण या सुबोधतेने घरातल्या माणसाचे काहीच उघडे पडत नाही. तो या क्षणी कोणत्या बाकावर बसला आहे, कोणाच्या दारात थांबला आहे, हे शहराच्या नकाशाला ठाऊक नसते. मोबाइल दूरध्वनीने नकाशाला जे नवे दिले ते हेच. त्याने पत्त्याच्या जागी ठावठिकाणा आणून ठेवला.

आरंभी हा बदल प्रश्नाच्या रूपाने आला. दूरध्वनी उचलताच ‘कुठे आहेस?’ हे पहिले वाक्य झाले. तरीही त्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे आणि उत्तर देणारा माणूस आपल्या शब्दांचा धनी असे. पुढे प्रश्नाचीच गरज उरली नाही. गूगलने ‘लॅटिट्यूड’ ही सेवा 2009 साली सुरू केली आणि 2013 साली बंद केली. परंतु मित्रांची ठिकाणे नकाशावर हलताना दिसावीत ही कल्पना बंद झाली नाही. 2017 साली स्नॅपचॅटने असा नकाशा दिला, त्याच वर्षी व्हॉट्सॲपनेही चालते ठिकाण कळवण्याची सोय केली. ‘सांगणे’ ही क्रिया एका क्षणी घडते आणि संपते. ‘कळत राहणे’ ही अवस्था असते आणि तिच्यात सांगणाऱ्याचा सहभाग उत्तरोत्तर क्षीण होत जातो. या विषयाचा नैतिक पेच या दोन क्रियापदांमधील अंतरात आहे.

ही क्षीणता तंत्रज्ञांच्या ध्यानात आलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्नॅपचॅटने नकाशाबरोबरच त्यावरून अदृश्य होण्याची ‘घोस्ट मोड’ ही कळ दिली. व्हॉट्सॲपने पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशा मुदती ठरवल्या. 2019 साली अँड्रॉइड प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीने, ॲप उघडे असेल तेवढ्यापुरतीच परवानगी देण्याचा पर्याय आणला. 2020 साली ॲपलने नेमक्या जागेऐवजी ढोबळ परिसर कळवण्याची मुभा दिली. या सुधारणांचा अर्थ लहान नाही. मुदत घातलेली परवानगी सांगण्याच्या क्रियेला तिचा शेवट परत देते. ढोबळ परिसर सांगणे म्हणजे ‘बाजारात आहे’ एवढेच सांगून दुकानाचे नाव न सांगणे. माणसांनी परस्परांशी बोलताना जे मर्यादेचे व्याकरण शतकानुशतके घडवले होते, त्याचे काही नियम यंत्राला उशिरा का होईना शिकवले गेले.

तथापि कळ हातात असणे आणि ती फिरवता येणे यांत फरक आहे. ज्या मुलीचे ठिकाण आईवडिलांच्या पडद्यावर नित्य दिसते, तिने ते एका संध्याकाळी बंद केले तर ‘बंद का केलेस?’ हा प्रश्न ‘कुठे होतीस?’ या प्रश्नापेक्षा अधिक कठोरपणे विचारला जातो. जेथे सतत दिसणे हा नियम झाला, तेथे न दिसणे हीच एक कबुली ठरते. रात्री उशिरा एकटीने रिक्षाने परतणारी स्त्री आपले ठिकाण मैत्रिणीला कळवते, तेव्हा तेच साधन तिच्या स्वातंत्र्याचा आधार असते, हेही तितकेच खरे. मग साधन एकच असताना एका ठिकाणी ते आधार आणि दुसऱ्या ठिकाणी पहारा का होते? पाहणाऱ्याचे मन प्रेमळ आहे की नाही, यावरून हा भेद करता येत नाही. पुष्कळसा पहारा प्रेमानेच दिला जातो. नकाराची किंमत काय, यावरून तो करता येतो. ज्या संमतीला नकार देता येत नाही, ती संमती नव्हे, तिला फार तर हजेरी म्हणता येईल.

‘हजेरी’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. चंदीगडच्या महानगरपालिकेने 2020 साली सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस असलेली घड्याळे चढवली. कामगार नेमून दिलेल्या भागात आहे की नाही, हे त्यांतून कार्यालयाला कळत राही. अशीच व्यवस्था नागपूर महानगरपालिकेनेही केली होती. चंदीगडच्या कामगारांनी या घड्याळांविरुद्ध निदर्शने केली. त्यांच्या तक्रारी तात्त्विक परिभाषेत मांडलेल्या नव्हत्या, म्हणूनच त्या नीट ऐकल्या पाहिजेत. घड्याळ काढले, बंद पडले किंवा हद्द ओलांडली गेली तर पगार कापला जाईल ही धास्ती होती. घड्याळ विद्युतभारित करण्यासाठी घरी न्यावे लागे, म्हणजे काम संपले तरी नजर संपली की नाही याची खात्री नव्हती. ते ऐकते का, पाहते का, या शंकेने स्त्री कामगारांना ते घालून प्रसाधनगृहात जाण्याचाही संकोच वाटे. शंका कितपत साधार होती, हा वेगळा प्रश्न. आपल्या मनगटावरचे यंत्र काय करते हे ते बांधणाऱ्याला विचारता येऊ नये आणि ते न बांधण्याचा पर्यायही असू नये, या स्थितीतच त्या शंकेचे मूळ आहे.

प्रशासनाची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. पटावर नाव आहे आणि रस्त्यावर माणूस नाही, हा नगरपालिकांचा जुना आजार आहे. नागरिकांच्या कराच्या पैशाचा हिशेब मागितला गेला तर त्यात वावगे काही नाही. परंतु कामाचा हिशेब आणि देहाचा हिशेब या भिन्न गोष्टी आहेत. रस्ता झाडला गेला की नाही, हे रस्त्याकडे पाहून कळते. मुकादम फेरी मारी, हजेरीपुस्तकात खूण करी. तो अन्यायही करी, लाचही घेई. तरी तो समोर उभा असे, त्याच्याशी भांडता येई, ‘पोराला ताप होता’ म्हणून सांगता येई. घड्याळाला पोराचा ताप सांगता येत नाही. शिवाय, ज्या कार्यालयात हा नकाशा पाहिला जातो त्या कार्यालयातील वरिष्ठांच्या ठावठिकाण्याचा नकाशा कामगारांना पाहता येत नाही. पारदर्शकता हे मूल्य असेल तर ते सर्वांत खालच्या पायरीपासूनच का सुरू व्हावे?

ही पायरी कोणाची, हे सांगितल्यावाचून विचार पुरा होत नाही. उत्तर भारतातील काय किंवा महाराष्ट्रातील काय, सफाईचे काम परंपरेने दलित जातींवर लादले गेले आणि आजही ते बहुतांशी त्यांच्याच वाट्याला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न दिले गेलेले आणि 1936 साली पुस्तकरूपाने आलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण या संदर्भात आठवते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, म्हणजे त्याच्या पाऊलखुणा मागच्या मागे पुसल्या जात, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. ज्या लाहोरसाठी ते भाषण लिहिले गेले, ते फाळणीत पाकिस्तानात गेले म्हणूनच पूर्व पंजाबला नवी राजधानी लागली आणि चंदीगड उभे राहिले. भूतकाळाचे ओझे नसलेले शहर अशी त्याची कल्पना होती. त्या शहरात झाडू हाती असलेल्या माणसाचे प्रत्येक पाऊल आता पुसण्याऐवजी नोंदवले गेले. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत. परंतु आपल्या पावलांचे काय व्हावे हे ठरवण्याची मुभा चालणाऱ्याला दोन्हींत नाही. पेशवाईतील क्रौर्य आणि आजची प्रशासकीय सोय यांना एकाच मापाने मोजणे अतिशयोक्त ठरेल. पण ज्याच्यावर असा प्रयोग करताना व्यवस्थेला संकोच वाटत नाही तो माणूस बदललेला नाही, हे नाकारता येत नाही.

न्यायव्यवस्थेने या प्रश्नाला स्पर्श केला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. 8 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला उपलब्ध ठेवावे ही अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीचा मागोवा पोलिसांना घेता यावा अशी अट घालणे म्हणजे त्याच्या खाजगीपणावर आक्रमण, असा या निर्णयाचा आशय आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील आरोपीला जे संरक्षण मिळाले ते योग्यच झाले. पण मग रस्ता झाडणाऱ्या निरपराध माणसाचे काय? 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. त्याच कायद्यात संमतीवाचून माहिती वापरण्याची जी प्रयोजने दिली आहेत, त्यांत नोकरीविषयक प्रयोजनही आहे. जेथे नकार सर्वांत अवघड, तेथेच विचारण्याचे बंधन सैल व्हावे, ही विसंगती कायद्याच्या अभ्यासकांइतकीच नीतीच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावी अशी आहे.

माणसाच्या स्थानांची नोंद ही मुळातच संशयास्पद गोष्ट आहे, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. मराठी वाङ्मयात अशा नोंदीचा एक अपूर्व ग्रंथ आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे वसले, जेथे बसले, त्या देवळांची आणि ओट्यांची नोंद महानुभावांनी ‘स्थानपोथी’त करून ठेवली. ती विरहातून आणि भक्तीतून आली. स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी ती केली गेली, त्यांना अडवून धरण्यासाठी नव्हे. ज्या पंथाने ही नोंद केली, त्याच पंथाच्या आचारधर्मात, आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी साधकाने राहावे असाही उपदेश आहे. आणि पंजाबात ‘जयकृष्णी’ नावाने ओळखल्या गेलेल्या या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. प्रिय माणसाची जागा आठवणे आणि स्वतः अनोळखी राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच धर्मदृष्टीत नांदू शकतात. जतन आणि पाळत यांतील भेद त्या परंपरेला उमगला होता, असे म्हणता येईल.

तेव्हा ठावठिकाण्याच्या प्रत्येक व्यवस्थेला तीन प्रश्न विचारता येतात. जो दिसतो त्याला पाहणारा दिसतो का? या पाहण्याला शेवट आहे का? आणि नकार दिला तर भाकरी किंवा माया गमवावी लागते का? मैत्रिणीला आठ तासांपुरते कळवलेले ठिकाण या कसोटीला बहुधा उतरेल. मुलीच्या दूरध्वनीवर कायमचे चालू ठेवलेले ठिकाण अर्धेमुर्धे उतरेल, आणि उरलेले अर्धे घराने बोलून सोडवावे लागेल. चंदीगडच्या कामगाराच्या मनगटावरचे घड्याळ एकाही प्रश्नाला समाधानकारक उत्तर देत नाही. ॲपची पुढची आवृत्ती येईल, तीत कदाचित आणखी एखादी कळ असेल. ती कळ कोणी फिरवावी आणि फिरवल्यावर कोणी जाब विचारू नये, हे ठरवण्याचे काम मात्र आवृत्ती काढणाऱ्यांवर सोपवता येणार नाही. ते घराचे, कार्यालयाचे आणि नगरपालिकेचे काम आहे. आणि जे पहाटे झाडू घेऊन सर्वांच्या आधी रस्त्यावर येतात, त्यांना विचारल्यावाचून ते नीट होणार नाही.