पटाचा हिशेब

जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी पट लिहिला जातो. एकूण, हजर, मुलगे, मुली. वाडीवस्तीवर ‘एकूण’पुढे 9 किंवा 12 एवढंच असतं. गुरुजींचं पद राहील की जाईल, हे त्या आकड्यावर. म्हणून ऐन मे महिन्यात ते दारोदार फिरतात. तोवर तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन गावात येऊन गेलेली असते. (गुरुजींची स्वतःची मुलं कुठे शिकतात, हे गावाला ठाऊक असतं, तोंडावर कुणी विचारत नाही.)

20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात 2023 मध्ये 14 हजारांवर होत्या. त्या जोडून समूह शाळा करायचा विचार सरकारने त्याच वर्षी पुढे आणला. इतक्या थोड्या मुलांत गुणवत्ता राहत नाही, असं म्हणणं. त्यात तथ्य आहेच. नऊ पोरांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. पण चार इयत्तांना दोन शिक्षक, त्यातला एक ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेला, हे दुखणं पटाचं नव्हे. शिवाय चौथीत चारच मुलं असली आणि त्यातलं एक दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलं, की उरलेल्या तिघांच्या निकालाची टक्केवारी कसली काढायची? मूल गेल्या जूनमध्ये काय वाचत होतं आणि आज काय वाचतं, एवढंच तिथे बघण्यासारखं.

वाढत्या पटाचंही तसंच. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या बेतात होती; 2025 मध्ये तिने जागतिक पुरस्कार मिळवला. कौतुक करावं तेवढं थोडं. पण अशा शाळेत येणारी मुलं बहुतेक शेजारच्या गावांची, म्हणजे त्या गावांतल्या शाळांचा पट तेवढ्याने उतरणार. घरटी मुलं कमी झाली, तरुण जोडपी पुण्या-मुंबईकडे गेली. यात कुठल्या गुरुजींना पकडणार?

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. समूह शाळेसाठी बस देऊ म्हणतात. जुलैत ओढ्याला पाणी आल्यावर ती कुठपर्यंत येणार, हे शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करण्याआधी विचारावं. सहा वर्षांची पोर पुढे एकटी चालत जाणार नाही. ती घरी राहील, आणि नाव मात्र लांबच्या शाळेच्या पटावर राहील.