देवाची राई आणि नकाशातला चौकोन

सह्याद्रीतल्या देवराईचा नियम साधा असतो: वाळलेली फांदीसुद्धा उचलायची नाही. कारण विचारलं तर उत्तर एकच, रान देवाचं आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या रायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत जुनं जंगल तिथे टिकून असल्याचं त्यांनी नोंदवलं.

पुढे २०१० साली गाडगीळांच्याच अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला गेला. गटाने घाटाचे साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले. उंची, उतार, जंगलाचं आच्छादन, फक्त इथेच सापडणाऱ्या वनस्पती असे निकष लावून प्रत्येकाला गुण दिले आणि त्यावरून संवेदनशीलतेचे तीन स्तर सुचवले.

म्हणजे आकड्यांनीही ‘इथे हात लावू नका’ असंच सांगितलं. मग पावित्र्य आणि मोजमाप या एकाच गोष्टीच्या दोन भाषा आहेत का?

पूर्णपणे नाहीत. देवराईचा नकार गावाने स्वतःच स्वतःला दिलेला असतो. चौकोनाचा नकार बाहेरून येतो, आणि बाहेरून आलेल्या बंधनाची भीती वाटणारच. म्हणूनच अंतिम आखणी ग्रामसभांशी बोलून व्हावी, हा गाडगीळ गटाच्या अहवालातला आग्रह सर्वांत मोलाचा होता. अहवालाला झालेल्या विरोधाच्या गदारोळात नेमका तोच हरवला.

त्या अहवालाचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाचं सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील म्हणून निवडलं. ते तसं जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे मसुदे २०१४पासून निघत राहिले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, केरळातल्या वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी.