गाडी ठेवावी की विकावी?

तुमच्या दारात एक जुनी, महागडी गाडी उभी आहे असे समजा. कदाचित समजण्याची गरजही नसेल. ती घरी आली तेव्हा शेजारीपाजारी पाहायला आले होते. आज तिला सतरा वर्षे झाली. गेल्या वर्षभरात ती दर दोन-तीन महिन्यांनी गॅरेजमध्ये गेली आणि आता मेकॅनिकने पुन्हा एक अंदाजपत्रक हातात ठेवले आहे. तो आकडा वाचून तुम्ही कागदाची घडी करून खिशात ठेवता आणि घरी कोणाला सांगत नाही. काय कराल?

व्यवहारी माणूस म्हणेल, विकून टाका, यात विचार करण्यासारखे काय आहे? साधना करणारा माणूसही बहुधा तेच म्हणेल, फक्त शब्द वेगळे असतील: आसक्ती सोडा. दोघांचे उत्तर इतक्या चटकन जुळले की मला जरा शंका येते.

हा प्रश्न माझ्याच घरात आला होता, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. वडिलांचा बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. आयुष्यभर स्कूटर आणि नंतर एक साधी गाडी वापरून त्यांनी २००८ साली ही जर्मन बनावटीची पेट्रोल गाडी घेतली. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्यांचे ड्रायव्हरकाकाही. २०२३ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे संपली, तेव्हा आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. मला ते काहीच वाटले नाही. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला.

अशा बऱ्याच गाड्यांना पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे सस्पेन्शन असते. चाकाशी हवा भरलेला रबरी फुगा, आणि त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर. त्यामुळे खड्डा पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. पण रबर शेवटी रबरच. वर्षे गेली की त्याला बारीक चिरा पडतात, रात्रभर हवा गळते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते, उंट बसतो तशी. तुम्ही किल्ली फिरवता, कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडी उठते, आणि सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर नको तितका वेळ चालत राहतो, तापतो, आणि एक दिवस जळतो. मग फुग्याचा खर्च होताच, आता त्यात कॉम्प्रेसरचाही. हे सगळे मेकॅनिकने मला आधीच सांगितले होते. तरी मी सहा महिने ते तसेच चालू दिले. गाडी उठते आहे ना, एवढ्यावर माझे समाधान होते. वाचताना तुम्हाला घरातली किंवा शरीरातली अशी एखादी गळती आठवली तर आठवू द्या. मी मात्र गाडीबद्दलच बोलतो.

या काळात मी स्वतःला काय सांगत होतो? पहिले कारण पैशाचे होते. आजवर इतके घातले, आता सोडली तर ते सगळे पाण्यात जाईल. हिशेब जाणणारे लोक याला बुडीत खर्च म्हणतात. गेलेला पैसा गाडी ठेवली म्हणून परत येत नाही आणि विकली म्हणूनही नाही. आज ठरवायचे ते फक्त पुढच्या रुपयाबद्दल. हे शाळेतल्या मुलालाही समजावता येईल. तरी मन ऐकत नाही, कारण आज थांबणे म्हणजे गेल्या खेपेलाच थांबायला हवे होते असे कबूल करणे. त्या कबुलीला मी दर खेपेस वीस-तीस हजार रुपये मोजून पुढे ढकलत होतो.

दुसरे कारण वडिलांचे. ही त्यांची गाडी आहे, असे मी म्हणत असे आणि त्यापुढे कोणी बोलत नसे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा एक संवाद आहे. राजा रथातून आला आहे हे ऐकून नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी त्याच्याच तोंडून निघते की या सगळ्या भागांच्या जुळणीला आपण व्यवहारात रथ म्हणतो. मी एका रविवारी वडिलांच्या गाडीचे बदललेले भाग मोजले. टायर, बॅटरी, रेडिएटर, पुढचे दोन फुगे एकदा, इंजिनाखालची रबरी माउंटिंग, पुढची काच. स्टीअरिंगचे चामडे मात्र मूळचेच आहे, जिथे त्यांचा उजवा हात असायचा तिथे गुळगुळीत झालेले. नागसेनांनी मला विचारले असते तर मी त्या चामड्याकडे बोट दाखवले असते. पण तेवढ्यासाठी पावणेदोन टन गाडी दारात ठेवणे जरा जास्तच होते.

तिसरे कारण सांगायला मला लाज वाटते, पण ते खरे होते. लग्नसमारंभात त्या गाडीतून उतरताना लोक वळून पाहतात.

एवढे उमगल्यावर विकायचे ठरवणे सोपे वाटेल. मी ठरवलेही, पण उमगले म्हणून नव्हे. भरुचच्या अलीकडे भर दुपारी गाडी बंद पडली, टोइंगवाल्याची दोन तास वाट पाहिली आणि त्या वैतागात मी विकण्याचा निर्णय घेतला. मित्रांना मात्र सांगितले की आता मोह उरला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे प्रकार सांगताना, कष्टाच्या भयाने जे टाकले जाते त्याला राजस त्याग म्हटले आहे, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही असेही म्हटले आहे. गीता तिथे कर्माच्या त्यागाबद्दल बोलते, वस्तूंच्या नव्हे, हे खरे. तरी ती कसोटी मला लागू पडली. मला त्या गाडीपासून सुटका हवी होती, आणि सुटका हवी असलेला माणूस पुढे काय करतो ते पाहा.

आणंदकडचा एक पंचविशीतला मुलगा आईला घेऊन गाडी पाहायला आला. नुकताच त्याच्या छोट्या धंद्याचा जम बसत होता. सकाळीच गाडी चालू करून ठेवली होती, त्यामुळे ती चारही पायांवर ताठ उभी होती. आईने पदराला हात पुसून मगच सीटला हात लावला. मुलाने इंजिनाचा आवाज ऐकला, कागद पाहिले, एक चक्कर मारली. सौदा चार लाख दहा हजारांना ठरला आणि त्याने दहा हजार विसार दिला. सस्पेन्शनबद्दल मी काही बोललो नाही. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. ड्रायव्हरकाका गेटाशी उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग नळाखाली बादली लावायला निघून गेले.

तुम्ही म्हणाल, जुनी गाडी घेणाऱ्याने मेकॅनिक आणून दाखवावी, तो त्याचा धर्म. मीही त्या रात्री हेच म्हणत होतो. जशी आहे तशी, असे कागदावर लिहिलेले होते. पण या व्यवहारात एक गोष्ट अशी आहे की ती विकणाऱ्याला पुरती ठाऊक असते आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला नसते. महाग गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चार लाखांना मिळणाऱ्या त्या गाडीचा कॉम्प्रेसर आजही चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो. त्या मुलाला गाडी परवडत होती, ती चालवत ठेवणे परवडले नसते. मी माझी गळती त्याच्या घरी पाठवत होतो, वर त्याला स्वप्न म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर गाडीचे सगळे दोष लिहिले, प्रत्येकापुढे मेकॅनिकचा आकडा लिहिला आणि मुलाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आईला विचारतो. संध्याकाळी नको असा निरोप आला. मी विसार परत केला. त्याच्या आवाजात आभार नव्हते, थोडा राग होता, आणि तो रास्तच होता. आदल्या दिवशी सांगायला हवे होते.

पुढे ती गाडी एका गॅरेजवाल्याने घेतली, यादी वाचून, एक लाख साठ हजारांना. तो तिला स्टीलच्या स्प्रिंग बसवणार होता. आम्ही एक छोटी गाडी घेतली. ड्रायव्हरकाका तीच चालवतात आणि कुरकुरतात.

यावरून तुम्हीही विकावी असे मी सांगणार नाही. दोष एकदाच नीट काढून टाकून, झेपेल तेवढ्या खर्चात, रोज वापरून एखाद्याने तीच गाडी आणखी दहा वर्षे ठेवली तर त्यात मला काही खटकत नाही. नवी गाडी पृथ्वीला फुकट मिळत नाही, हेही खरे; पर्यावरणाचे कारण दोन्ही बाजूंना वापरता येते आणि आपण ते सोयीप्रमाणे वापरतो. ठरवण्यापूर्वी एवढे मात्र करून पाहा. ठेवायची असो वा विकायची, अनोळखी गिऱ्हाइकाला द्यायची आहे असे समजून दोषांची यादी लिहा आणि समोरच्या रकान्यात आकडे भरा. यादी दाखवायला मन तयार नसेल, तर निर्णय दोन दिवस थांबवा.

आणि लिहिताना एकटे बसू नका. माझ्या कागदावर पाच दोष होते. ड्रायव्हरकाकांनी तो हातात घेऊन वाचला आणि सहावा सांगितला: पावसाळ्यात डिकीत पाणी येते. चार वर्षे ते फडक्याने पुसत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.