तोच हा देवदत्त

वेदान्ताच्या ग्रंथांत देवदत्त नावाचा एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. पूर्वी कुठेतरी पाहिलेला, आज इथे दिसलेला. 'तोच हा' म्हणताना 'तेव्हाचा, तिथला' आणि 'आत्ताचा, इथला' हे दोन्ही विशेष सोडून द्यायचे. उरतो तो देवदत्त. बौद्धांना हे पटत नव्हतं. सगळं क्षणाक्षणाला बदलतं. कापलेले केस पुन्हा वाढले की आपण 'तेच केस' म्हणतो, पण ते नुसतं साम्य असतं.

मी कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. हा वाद माझ्यासमोर रोज पडद्यावर असतो.

घशाच्या कॅन्सरला रेडिएशनचा साधारण 70 ग्रे डोस, 35 भागांत, सात आठवडे. पेशंट त्याला 'लाईट घेणं' म्हणतात. आधी सीटी काढून आराखडा ठरतो आणि गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार शीट चेहऱ्यावर ओढून मास्क बनतो. पुढे मशीनवर पुन्हा छोटा सीटी काढायचा आणि आजचं शरीर पहिल्या दिवशीच्या शरीरावर बसवायचं. तीन दिशांना सरकवायचं, तीन अक्षांभोवती फिरवायचं, बस्स. कुठे आणि कसं निजलं ते सोडून द्यायचं, उरलेलं जुळवायचं. वेदान्त्याचीच रीत.

पण जुळणं म्हणजे 'तोच' असणं नव्हे. पृष्ठभाग जुळवण्याची एक प्रसिद्ध पद्धत बेस्ल आणि मकाय यांनी 1992 मध्ये मांडली. प्रत्येक बिंदूने समोरचा सर्वांत जवळचा बिंदू आपला जोडीदार धरायचा, आकार थोडा हलवायचा, पुन्हा जोडीदार शोधायचा. अंतर कमी व्हायचं थांबलं की काम संपलं. दोन वेगळ्या माणसांचे जबडे दिले तरी ती ते मुकाट जवळ आणून ठेवते. ओळख आधीच गृहीत धरलेली असते. म्हणून तर टेक्निशियन रोज विचारतात, ''मावशी, नाव सांगा पूर्ण.'' चेहरा पाठ असला तरी विचारतात, आणि आवाज बसलेल्या मावशी ओठ हलवून का होईना, सांगतात.

मिश्रीची जुनी सवय असलेल्या अशाच एका मावशींचा मास्क चौथ्या आठवड्यात सैल झाला. ''पेजसुद्धा टोचते हो,'' म्हणाल्या. पडद्यावर मणके मणक्यांवर नेमके बसले होते. गालाच्या मात्र दोन रेषा दिसत होत्या, पहिल्या दिवसाची बाहेर, आजची आत. कानाखालची लाळग्रंथी आक्रसून आत सरकली होती. आमच्या भाषेत ही उरलेली चूक. मला ती चूक म्हणवत नाही. मावशींनी ते आठवडे जसे काढले, ते त्या दोन रेषांच्या मधल्या जागेत होतं. 'तेव्हा' आणि 'आत्ता' सोडून देणाऱ्या वेदान्त्याशी माझं इथे जमत नाही.

बौद्धांशीही पूर्ण जमत नाही. नुसतं साम्यच असेल, तर मज्जारज्जूला मिळालेल्या डोसचा हिशेब रोज पुढे का ओढायचा? 45 ग्रेच्या आसपासची ती मर्यादा काही दर सकाळी नव्याने सुरू होत नाही. शरीर बदलतं, पण सोसलेलं त्याच्याच खात्यावर राहतं.

सरकवण्या-फिरवण्याने भागलं नाही की आकार ताणून, दाबून जुळवणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते प्रत्येक बिंदू कुठे गेला याचा बाण काढतं. पण विरघळलेल्या गाठीतल्या बिंदूला आज जोडीदारच नसतो. सॉफ्टवेअर तरीही बाण काढतं, कारण 'नाही' हे उत्तर त्याला माहीत नाही. तिथे डॉक्टरांनी आणि मी बसून रेषा हाताने तपासायच्या असतात.

मावशींचा नवा मास्क झाला, नवा सीटी झाला. गाठ बरीच ओसरली होती. तरी डॉक्टरांनी जुन्या गाठीची हद्द नव्या चित्रावर आणली, हाड आणि हवेत जाणारा भाग तेवढा छाटला आणि बाकी सगळ्या जागेला पूर्ण डोस कायम ठेवला. न दिसणाऱ्या पेशी तिथे अजून असू शकतात.