संयोग, अवयव आणि प्रतिपत्ती: बेस गिटारच्या पट्ट्याचा विचार

वादन संपल्यावर बेस गिटारला लावलेला खांद्याचा पट्टा तसाच राहू द्यावा की काढून ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता वाद्याच्या निगेचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर देणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते की साधनाला जोडलेली वस्तू त्या साधनाच्या स्वरूपात मोडते की केवळ प्रयोजनापुरती त्याच्याजवळ येते, आणि प्रयोजन सरल्यावर तिच्याविषयी कर्त्याचे काही कर्तव्य उरते की नाही. भारतीय दर्शनांपैकी वैशेषिक आणि पूर्वमीमांसा या दोहोंनी अशा प्रश्नांचा पुष्कळ ऊहापोह केला असल्यामुळे, हे वाद्य परदेशी असले तरी त्याच्या पट्ट्याचा विचार त्यांच्या परिभाषेत करणे सोयीचे ठरते.

पट्टा हा बेस गिटारचा अवयवच आहे, असे मानण्यास या वाद्याच्या इतिहासात काही आधार सापडतो. पूर्वीचा उभा डबल बेस जमिनीवर टेकवून वाजवला जाई आणि त्याचा भार जमीन पेलत असे. 1951 साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी भरीव लाकडी अंगाचा ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हा तो भार वादकाच्या खांद्यावर आला. त्या वाद्याचे वरचे शिंग, म्हणजे अंगाचा मानेच्या बाजूला पुढे आलेला भाग, लांब ठेवलेले असते, आणि पट्टा अडकवण्याची एक घुंडी त्याच्या टोकाशी असल्यामुळे लांब मानेचा तोल सांभाळला जातो. अर्थात वाद्याची आकृतीच पट्टा गृहीत धरून घडलेली आहे. मात्र 1953 साली गिब्सन कंपनीने काढलेल्या व्हायोलिनच्या आकाराच्या इलेक्ट्रिक बेसला जमिनीवर टेकवण्यासाठी बाहेर ओढता येणारा दांडाही दिलेला होता, आणि बसून वाजवणाऱ्या वादकाला पट्ट्याची गरज आजही भासत नाही. पोलादी तारेच्या कंपनाने पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबकीय ग्राहकाच्या, वेटोळ्यात विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो व तोच पुढे ध्वनिरूप घेतो. या कार्यकारणाच्या साखळीत पट्ट्याला कोठेही स्थान नाही.

वैशेषिक मतानुसार दोन पदार्थांचे नाते दोन प्रकारचे असू शकते. ज्यांपैकी एक दुसऱ्याच्या आश्रयावाचून राहू शकत नाही अशांचे, उदाहरणार्थ वस्त्र आणि तंतू किंवा रंग आणि रंगीत वस्तू यांचे, नाते समवाय होय. तर स्वतंत्रपणे राहू शकणारी दोन द्रव्ये एकत्र आली असता त्यांच्यात जो तात्पुरता गुण उत्पन्न होतो तो संयोग होय, आणि विभाग, म्हणजे त्यांचे वेगळे होणे, घडताच तो नष्ट होतो. पट्टा आणि गिटार यांचे नाते उघडच दुसऱ्या प्रकारचे आहे. नैयायिक संयोगाला अव्याप्यवृत्ती म्हणतात, म्हणजे तो आपल्या आश्रयाला सर्वत्र व्यापत नाही, त्याच्या एखाद्या भागापुरताच असतो. पट्ट्याचा अभिप्रेत संयोगही दोन घुंड्यांपुरताच असतो.

परंतु वाद्य विश्रांत असताना हाच संयोग अनभिप्रेत संयोगांना जन्म देतो. सैल पडलेला पट्टा वाद्याच्या अंगावर टेकतो, आणि तो व्हिनाइलचा असून वाद्यावर नायट्रोसेल्युलोजचे लॅकर असेल, तर पट्टा मऊ ठेवणारी द्रव्ये त्या लेपात उतरून तो चिकट करतात व त्यावर कायमचे डाग पाडतात. आकाराप्रमाणे कोरलेल्या पेटीत पट्ट्यासह वाद्य कोंबले असता झाकणाचा दाब नको त्या ठिकाणी पडतो, आणि स्टँडवर ठेवलेल्या गिटारचा लोंबता पट्टा पायात अडकून ती कोसळू शकते.

यावर असा आक्षेप संभवतो की पट्टा काढल्याने वाद्याची सज्जता नष्ट होते, आणि जे साधन हाती घेताक्षणी वापरता येत नाही ते अपुरे साधन होय. ॲरिस्टॉटलने आत्म्यावरील ग्रंथात ज्ञान असणे आणि ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर करणे यांत निद्रा व जागृती यांच्यासारखा भेद केला आहे; झोपलेल्या विद्वानाचे ज्ञान लोपत नाही, त्याचप्रमाणे पट्टा काढलेल्या वाद्याचे सामर्थ्य तारा, मान आणि पिकअप यांत अबाधित राहते. वादकाच्या उंचीनुसार जुळवलेली पट्ट्याची लांबी ही सज्जतेतील खरोखर मोलाची गोष्ट असून, ती पट्ट्याच्या सरकत्या कडीत टिकून राहते. घुंडीवरून पट्टा उतरवल्याने ती बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. पट्टा वारंवार काढल्या-घातल्याने त्याच्या टोकाचे चामड्यातील छिद्र सैल होते, आणि सैल छिद्र ऐन वादनात घुंडीवरून निसटले तर सुमारे चार किलो वजनाचे वाद्य जमिनीवर आदळते. म्हणजे संयोगाप्रमाणे विभागालाही किंमत मोजावी लागते. येथे मीमांसकांचा प्रतिपत्तीचा सिद्धांत उपयोगी पडतो. प्रतिपत्ती म्हणजे कार्य साधून झालेल्या वस्तूची विहित रीतीने केलेली ठेवरेव. ज्योतिष्टोम यागात दीक्षित यजमान अंग खाजवण्यासाठी काळविटाचे शिंग वापरतो आणि दक्षिणा दिल्यानंतर ते चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकतो. जैमिनीच्या सूत्रांच्या चौथ्या अध्यायातील विचारानुसार हे टाकणे शिंगाची प्रतिपत्ती ठरते. वस्तू कृतार्थ झाल्यावर, म्हणजे तिचे प्रयोजन पूर्ण झाल्यावरच, ही प्रतिपत्ती प्राप्त होते. तोवर शिंग यजमानापाशीच राहते.

हाच निकष पट्ट्याला लावला असता दोन्ही पक्षांचे बळ आपापल्या जागी राहते. दोन गाण्यांच्या मध्ये किंवा तालमीच्या मध्यंतरात पट्टा कृतार्थ झालेला नसतो, म्हणून तेव्हा तो काढणे हे छिद्राची व्यर्थ झीज करणे होय. वाद्य पेटीत जाते किंवा काही दिवसांसाठी ठेवले जाते तेव्हा मात्र त्याचे प्रयोजन संपलेले असते. झीज टाळण्यासाठी कडीने अडकणारे स्ट्रॅप-लॉक वापरता येतात, परंतु त्यांनी विभाग सुलभ होतो, अनावश्यक होत नाही. यावरून असा निष्कर्ष निघतो की साधनाची निगा हे कर्मानंतर सवडीने करावयाचे वेगळे काम नसून कर्माचेच अखेरचे अंग आहे, आणि पट्टा उतरवून, गुंडाळून ठेवल्याखेरीज त्या दिवसाचे वादन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.