उचलून घेऊत की

फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेला आहे. मित्रांच्या हातांवर बसून वर्गात निघालेला मुलगा, आणि खाली ‘याला म्हणतात माणुसकी’. शाळा उघडल्या की असा एखादा फोटो येतोच. त्या पोरांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण अशा फोटोत पायऱ्याही असतात, आणि त्या तिथे का आहेत हे कुणी विचारत नाही, याचा संताप येतो.

अशा मुलाच्या आईने शाळेत रॅम्पचा विषय काढला की उत्तर मिळतं, ‘ताई, काळजी कशाला करता? उचलून घेऊत की!’ निधी नाही, एकच तर लेकरू आहे, अशीही उत्तरं येतात. पण ती देणारा निदान मान खाली घालतो. ‘उचलून घेऊत की’ हे मात्र अभिमानाने सांगितलं जातं, म्हणून तेच तपासायला हवं.

उचलणार कोण? पहिले आठ दिवस सर उचलतात, पुढे शिपाईमामा. मग मामा रजेवर जातात, सरांना सर्वेक्षणाचं काम लागतं आणि उरते आई. औंढा नागनाथ तालुक्यातलं शिरड शहापूर हे हळदीच्या पट्ट्यातलं गाव. तिथे भरलेलं पोतं चढवायचं तर हमालालाही दुसऱ्याचा हात लागतो. बारा वर्षांचं मूल ३५ किलोच्या आसपास भरतं. कारखान्यांच्या नियमांनी प्रौढ बाईने एकटीने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ३० किलो ठरवली होती. ही आई अंथरुणावरून न्हाणीत, न्हाणीतून ओट्यावर, ओट्यावरून मोटारसायकलवर, तिथून वर्गात त्याला उचलते, आणि संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने. तिची पाठ गेली की हळद काढणीची मजुरीही गेली. फुकट मिळालेल्या या सोयीचा खर्च त्या घराने असा भरलेला असतो.

शिवाय हे वय. ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजारात पहिलीला पायी आलेला मुलगा साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणं गमावतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची हाडं या वयात झपाट्याने वाढतात, स्नायू मागे पडतात आणि टाचा, गुडघे आखडतात. म्हणजे घरच्यांची ताकद उतरू लागते तेव्हाच मुलाची गरज वाढते. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची बरेचदा मोठ्या माणसाच्या मापाची असते. पाय लोंबकळतात, पाठ एका बाजूला कलते.

चार वर्षांचं लेकरू कडेवर घेतलं तर हसतं. ओठांवर मिसरूड दिसू लागलेल्या मुलाला वर्गातल्या मुलींसमोर कुणी काखेत हात घालून उचललं, शर्ट वर सरकला, की तो भिंतीकडे बघतो. मग तो सकाळी पाणी पिणं सोडतो, कारण लघवीला जायचं म्हणजे पुन्हा कुणाला तरी हाक मारायची. दिव्यांगांसाठीचं शौचालय बऱ्याच शाळांत आहे, आधाराचे दांडेही आहेत. पण त्याला कुलूप, आत मोडके बाक आणि चावी कुणाकडे आहे ते विचारत फिरायचं. सरकारी पैशातून बांधलेल्या शौचालयाला कुलूप लावायचा अधिकार कुणालाच नाही.

आणि मुलगी असेल तर? तिला उचलायला कोणते सर पुढे येणार, आणि आईने ते का मान्य करावं? पाळी सुरू झाली की तिची शाळा हळूच बंद होते. ‘तिला जमत नाही’ या शब्दांचा शेवट महाराष्ट्राने पाहिला आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण होतं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. सोय करण्याऐवजी माणसाचं शरीरच सोयीचं करून घ्यायचं, असा तो विचार होता. ‘उचलून घेऊत की’ त्याच्याइतकं क्रूर मुळीच नाही, पण वाट तीच आहे.

धनंजय चंद्रचूड यांनी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीशपदाच्या अखेरच्या दिवसांत, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असा निकाल दिला. पुढच्या वर्षी सरकारी बंगला सोडायला उशीर झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. दोन्ही मुलींना स्नायूंचा दुर्मिळ आजार आहे, त्यांना राहता येईल असं घर सहज मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. दिल्लीत त्या पदावरच्या माणसाची ही अडचण, तर औंढा नागनाथ तालुक्यातल्या मजूर आईने कुणाला सांगावं?

शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात शाळेला अडथळामुक्त प्रवेश असावा असं लिहिलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं. जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसाच्या प्रवासाचीही त्यात तरतूद आहे. पावसात काळ्या मातीत चाक रुतणार, तिथे चार हात लागणारच. त्याला कुणाचीच हरकत नाही. शाळेच्या जोत्याला मात्र चिखलाचं कारण देता येत नाही. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. सहा फुटांत उरकलेल्या घसरगुंडीवरून खुर्ची ढकलताना आईच मागे कोसळेल, आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी मोटारसायकली लावलेल्या असतील तर तेवढाही उपयोग नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा, आणि प्रश्न त्या आईनेच विचारावा असं नाही, शेजाऱ्यानेही विचारावा. तोवर त्या मुलाचा वर्ग पायऱ्या नसलेल्या खोलीत हलवता येतो. त्याला ना निधी लागतो, ना वरून मंजुरी. बाक आणि फळा हलवायला शनिवारची एक दुपार पुरते.