समुद्रावरच्या पतीस काय कळवावे?

पती नौदलात. महिनोन्महिने समुद्रावर. फोन आला की मालवण किनाऱ्यावरची पत्नी म्हणते, "हय सगळा बरा आसा." त्याच वेळी मूल तापाने फणफणत असते, सासूबाई ओरोसच्या इस्पितळात असतात. हा मुसावाद होय काय, असे एका उपासिकेने मला विचारले.

२००८ पासून आपली लढाऊ जहाजे एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध पहारा देत आली आहेत. तेथे ताप ऐकून त्याने करावे तरी काय? तेव्हा ती गप्प राहिली तर मी दोष देणार नाही. पण गप्प राहणे निराळे, 'सगळे बरे' म्हणणे निराळे.

१९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला असता रमाईंनी मुंबईत संसार ओढला. हालअपेष्टांच्या दिवसांतील त्यांचे धैर्य स्मरून बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. ते हाल बाबासाहेबांना ठाऊक होते, हे ध्यानात घ्यावे.

सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. घरचा अधिकार पत्नीस सोपविणे हे त्यांपैकी एक. ताप उतरल्यावर सांगितला तरी चालेल. परंतु कर्ज किंवा शस्त्रक्रिया लपविली, तर त्या निर्णयातला त्याचा वाटाच आपण काढून घेतो. आणि निघण्यापूर्वी त्याने पैशांचा व्यवहार तिच्याऐवजी भावाच्या हाती दिला असेल, तर तिच्या खोट्याचा अर्धा दोष त्याचाही आहे!

त्या उपासिकेने पुढच्या फोनवर सासूबाईंचे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पैशे पुरतत मा?"